शिदोरीपासून काल्यापर्यंत

(एका कौटुंबिक मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



घरातले माणूस गावाला निघाले की निरोपाच्या गडबडीत एक प्रश्न हमखास विचारला जाई, ‘बरोबर काय बांधून देऊ?’ मग फडक्यात दशम्या बांधल्या जात, पितळी डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या भरल्या जात, कागदाच्या पुडीत शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा ठेवला जाई. एकाला पुरेल एवढेच बांधून दिले, असे मात्र सहसा घडत नसे. चार भाकरी लागत असतील तर सहा बांधायच्या, ही जुनी रीत. वरच्या दोन कोणासाठी, हे बांधणारीला ठाऊक नसे. एसटीत शेजारी कोणी उपाशी बसलेला असेल, आगगाडीच्या डब्यात कोणाचे लहान मूल रडत असेल. त्या अनोळखी माणसाचा वाटा घराचा उंबरा ओलांडण्यापूर्वीच शिदोरीत पडलेला असे.

आजच्या विषयाचे सार त्या वरच्या दोन भाकरींत आहे. प्रवास, आठवणी आणि उत्सव या तीन वाटांनी स्वयंपाकघरात नवे पदार्थ येतात आणि जुने टिकतात. परंतु ते टिकतात ते वाटल्यामुळे. कुलपात ठेवलेला दागिना पिढ्यान् पिढ्या राहतो. कुलपात ठेवलेली पाककृती एका पिढीत संपते.

प्रवासाचे पाकशास्त्र

शिदोरीतले पदार्थ सहज सुचलेले नाहीत. घरात शीतकपाट नव्हते तेव्हा अन्न कशामुळे नासते, हे घरोघरच्या स्त्रियांनी अनुभवाने ओळखले होते. ओलावा असला की अन्न लवकर आंबते. तो काढून टाकावा, नाहीतर मीठ, गूळ आणि तेल यांच्या आधाराने त्याला आवर घालावा, हे सूत्र त्यांच्या हाताला ठाऊक होते. पुरणपोळी आणि गूळपोळी यांतील फरक पाहावा. पुरणाची डाळ शिजवलेली, म्हणून ती पोळी एक-दोन दिवसांची. गूळपोळीच्या सारणात पाण्याचा थेंब नाही. तीळ आणि खसखस भाजून कुटलेली, बेसन तेलात खमंग परतलेले, गूळ किसून मळलेला. म्हणूनच संक्रांतीला केलेली गूळपोळी पुढे आठवडाभर खुशाल डब्यात राहते. सातूच्या पिठाचेही तेच. धान्य आणि डाळ आधीच भाजून दळलेली असल्याने मुक्कामी चूल पेटवता आली नाही, तरी ते गुळाच्या पाण्यात कालवून पोट भरता येई.

दशमीची गोष्ट थोडी वेगळी आहे. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवले की दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, हा झाला तिचा उपयोग. परंतु पाणी न वापरल्यामुळे ती सोवळ्याओवळ्याच्या कडक नियमांतही प्रवासात चालत असे. माणसाचे चातुर्य आणि माणसाने माणसांत घातलेल्या भिंती अशा एकाच पदार्थात शेजारी शेजारी सापडतात. त्या भिंतींकडे पुढे वळावेच लागेल.

वाटेने आलेले पाहुणे

माणसे प्रवास करतात तशी पिकेही करतात. एकादशीला घरोघरी होणारी साबूदाण्याची खिचडी हे त्याचे उत्तम उदाहरण. आपल्याकडचा साबूदाणा कसावा नावाच्या कंदाच्या सत्त्वापासून होतो. तमिळनाडूतील सेलम परिसरात १९४० च्या दशकात या उद्योगाने मूळ धरले. कसावा, बटाटा, मिरची आणि शेंगदाणा ही चारही पिके मूळची अमेरिका खंडातील. १४९२ साली कोलंबस तेथे पोचला आणि त्यानंतर युरोपीय जहाजांतून ही पिके जगभर पसरली. ज्ञानेश्वर माउलींच्या काळी महाराष्ट्राच्या स्वयंपाकात मिरची नव्हती. तिखटपणा मिऱ्यांचा, पिंपळीचा आणि आल्याचा होता. आज मात्र हिरव्या मिरचीचा ठेचा ही या मातीची ओळख होऊन बसली आहे.

मग आपले असे उरले काय, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. ज्या समाजाची पचनशक्ती चांगली, तो बाहेरून आलेले नीट पारखून घेतो, आपल्या चुलीवर शिजवतो, आपल्या देवापुढे ठेवतो आणि मग ते त्याचेच होते. उपवासाच्या ताटात परक्या देशाच्या कंदाला जागा देताना आपल्या गृहिणींनी कोणाची परवानगी मागितली नाही आणि कोणाचे अनुकरणही केले नाही. त्याच देशात जगन्नाथपुरीच्या मंदिरात मातीच्या मडक्यांची उतरंड लाकडाच्या चुलीवर चढवून महाप्रसाद शिजतो आणि त्यात बटाटा, टोमॅटो व मिरची आजही वर्ज्य आहे. एकीकडे नव्याचा स्वीकार आहे, दुसरीकडे जुन्याचे जतन आहे. संस्कृतीला ही दोन्ही अंगे लागतात.

तंजावरचा मुदपाकखाना

पीक येते तसे माणूसही आपली चव घेऊन दूर जातो. व्यंकोजीराजांनी इसवी सनाच्या सतराव्या शतकात तंजावरला मराठी राज्य स्थापन केले. १८५५ पर्यंत ते घराणे तेथे नांदले. सांबार याच दरबारात जन्मले, अशी आख्यायिका सांगितली जाते. आख्यायिकेवर विसंबण्याचे कारण नाही, कारण तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने प्रकाशित केलेले ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हे पुस्तक उपलब्ध आहे. विद्याव्यासंगी म्हणून ख्याती पावलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या मुदपाकखान्याशी निगडित अशा पाककृती त्यात नोंदलेल्या आहेत. राजाने ग्रंथ जमवले, वैद्यक अभ्यासले आणि त्याच आस्थेने स्वयंपाकही लिहून ठेवण्याजोगा मानला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

ती परंपरा आणखी मागे जाते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात अन्नभोगाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात मंडक, वटक अशा पदार्थांचे वर्णन येते. मंडक म्हणजे आपले मांडे. सतराव्या शतकात रघुनाथ पंडितांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. अन्नाचा विचार आपल्याकडे गंभीर अभ्यासाचा विषय मानला गेला होता, याचीच ही साक्ष आहे.

राजांचे स्वयंपाकी होते आणि लेखनिकही होते. कष्टकऱ्यांजवळ होती ती फक्त आठवण. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर गेलेल्या मराठी कुटुंबांनी समुद्रापलीकडे गणपती नेला आणि त्याच्याबरोबर त्याचा नैवेद्यही नेला. आज त्या देशात गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. बोली पुसट होते, वेष बदलतो. पण सणाच्या दिवशी देवापुढे काय ठेवायचे, हे माणूस सहसा विसरत नाही.

अंदाज नावाचे माप

ही आठवण नेमकी कोठे साठवलेली असते? मराठीत पाककृतींची पुस्तके कमी नाहीत. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ विसाव्या शतकाच्या आरंभी आले. १९७० मध्ये आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्यांची मापे देऊन नव्याने संसार थाटणाऱ्या हजारो मुलींचा हात धरला. माहेरापासून दूर, नोकरीच्या गावी दोन खोल्यांत राहणाऱ्या मुलींना ही पुस्तके आईसारखी वाटली, यात नवल नाही.

तरीही पुस्तकात न मावणारी एक गोष्ट शिल्लक राहते. ‘मीठ किती घालू?’ या प्रश्नाला आजीचे उत्तर असते, ‘अंदाजाने.’ हा अंदाज म्हणजे अज्ञान नव्हे. पुरण शिजले की नाही हे कलथा उभा राहतो का यावरून ओळखणे, गुळाचा पाक पाण्यात थेंब टाकून पाहणे, उकड हाताला चिकटते की सुटते यावरून मोदकाचे भवितव्य सांगणे, हे सारे शेजारी उभे राहूनच शिकावे लागते. म्हणून एखाद्या घरातली म्हातारी गेली की लोणच्याची बरणी रिकामी होते, तेवढेच होत नाही. पन्नास वर्षांचा अंदाज तिच्याबरोबर निघून जातो. तिच्या हयातीत तिच्याजवळ कोणी उभे राहिले नाही, ही खंत मागाहून पुस्तके विकत घेऊन भरून निघत नाही.

पंगतीतील दुखणे

आता त्या भिंतींविषयी. आपली अन्नसंस्कृती थोर आहे, हे सांगताना ऊर भरून यावा आणि त्याच वेळी मान खाली जावी, असा तिचा इतिहास आहे. अतिथीला देव मानणाऱ्या समाजाने आपल्याच बांधवांना शतकानुशतके पंगतीबाहेर बसवले. अन्न तर दूरच, पाण्याच्या ओंजळीसाठी १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. पंढरीच्या विठ्ठलाचे दार आपल्याच भक्तांना उघडावे, म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले.

वारीच्या वाटेवरही हे दुखणे होते. इरावतीबाई कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात आपल्या वारीचा अनुभव लिहिला आहे. दिवसभर एका ठेक्यावर चालणारी, एकच अभंग गाणारी माणसे जेवणाच्या वेळी जातीजातींनी वेगळी बसत. ते पाहून त्यांच्या मनाला यातना झाल्या. त्या स्वतः दुसऱ्या पंगतीत जाऊन जेवल्या आणि त्यानंतर त्या बायांशी त्यांचे नाते अधिक जवळचे झाले. मुखी एकच नाम आणि ताटे मात्र वेगळी, ही विसंगती एका विदुषीने प्रेमाने आणि निर्भयपणे नोंदवून ठेवली, हे तिचे आपल्यावर उपकारच आहेत.

ही भिंत पाडण्याचा प्रयत्न करणारेही याच समाजातून उभे राहिले. रत्नागिरीत भागोजीशेठ कीर यांच्या दातृत्वातून उभारलेले पतितपावन मंदिर १९३१ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्याच काळात स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या पुढाकाराने तेथे सर्व जातींची सहभोजने झाली आणि १९३३ मध्ये सर्व हिंदूंना प्रवेश असलेले उपाहारगृहही निघाले. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी तर झुणका-भाकरीलाच समतेचे साधन केले. त्यांच्या झुणका-भाकर सत्यनारायणांत श्रीमंती शिऱ्याची जागा गरिबाच्या घासाने घेतली. भाषणांनी जे साधत नव्हते, ते एका पत्रावळीने साधावे, ही त्यामागची भूमिका होती. अशा भोजनांना गेलेल्यांना आपल्याच नातलगांचे बहिष्कार सोसावे लागत. तो घास स्वस्त नव्हता.

काल्याचा अर्थ

या साऱ्या प्रयत्नांचे बीज आपल्या उत्सवातच होते; ते ओळखायला उशीर लागला इतकेच. गोकुळातील बाळगोपाळ गाई चारायला जात. प्रत्येकाजवळ आपापल्या घरची शिदोरी असे. कोणाची दूधभाताची, कोणाची ताकभाकरीची, कोणाची नुसत्या लोणच्याची. दुपारी यमुनेच्या काठी श्रीकृष्ण त्या साऱ्या शिदोऱ्या सोडायला लावी आणि एकत्र कालवी. मग हा घास नंदाघरचा की पेंद्याघरचा, हे कोणालाच सांगता येत नसे. तोच गोपाळकाला.

वारकरी संप्रदायाने या प्रसंगाला साधनेच्या शिखरावर बसवले. सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी सुमारे अडीचशे किलोमीटर चालून आषाढी एकादशीसाठी पंढरपुरात पोचते. परंतु वारी तेथे संपत नाही. पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो, तो घेतला जातो आणि मगच पालख्या परतीच्या वाटेला लागतात. दर्शनाने यात्रेचा हेतू सफल होतो आणि वाटून खाल्ल्याने तिची सांगता होते, असा हा क्रम आहे. वाटेवरच्या गावांतून घरोघरच्या भाकरी एका ठिकाणी गोळा होतात आणि दिंडीला वाढल्या जातात. कोणती भाकरी कोणाच्या तव्यावरची, हे वाढणाऱ्याला ठाऊक नसते आणि खाणारा विचारत नाही. हाही कालाच.

काल्यात एक मर्म आहे. त्यात कोणाला आपली चव टाकून द्यावी लागत नाही. दही दह्यासारखे लागते, लाह्या लाह्यांसारख्या, लोणचे लोणच्यासारखे. पण ते आता कोणा एकाचे नसते. केवळ स्वतःसाठी शिजवणारा पाप खातो, असे गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंत सांगतात. तैत्तिरीय उपनिषद म्हणते की अन्नाची निंदा करू नये, ते पुष्कळ वाढवावे आणि आश्रयाला आलेल्याला परत पाठवू नये. ग्रंथांतील हे वचन पोरांच्या खेळात उतरवण्याचे काम काल्याने केले.

उंबऱ्यापलीकडचा डबा

आज आपल्या घरांचे चित्र काय आहे? दिवाळीच्या आधी महिनाभर फराळाची खोकी परदेशी रवाना होऊ लागतात. चकल्यांचे तुकडे होऊन पोचतात, लाडू फुटतात, तरी तिकडचा मुलगा किंवा मुलगी तो चुरा चमच्याने खाते आणि डोळे पुसते. ही माया खरी आहे. तिची थट्टा करू नये. परंतु फराळाचा डबा सात समुद्र ओलांडतो आणि समोरच्या बिऱ्हाडाचा उंबरा ओलांडत नाही, ही मात्र चिंतेची गोष्ट आहे. जिन्यावर भेटणाऱ्या शेजाऱ्याचे आडनाव ठाऊक नसते. सोसायटीचा रखवालदार ऐन लक्ष्मीपूजनाच्या रात्री फाटकाशी एकटा डबा उघडून बसतो. रोज आपली भांडी घासणाऱ्या बाईंना सणाचे ताट मिळते, पण ते बहुधा दुसऱ्या दिवशीचे असते आणि दाराबाहेर मिळते.

पूर्वी शेजारी ताट झाकून देण्याची रीत होती आणि आलेले भांडे रिकामे परत करायचे नाही, हा तिचा अलिखित नियम होता. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर घालून भांडे परत जाई. त्या साखरेची किंमत किती असेल? पण तिच्यामुळे देणारा उपकारकर्ता ठरत नसे आणि घेणारा याचक ठरत नसे. दानात एक हात वर असतो, एक खाली असतो. वाटून खाण्यात दोन्ही हात एका पातळीवर येतात.

ही वृत्ती मेलेली नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापूर परिसर वेढला, तेव्हा कोरड्या राहिलेल्या गावांतल्या चुली पूरग्रस्तांसाठी पेटल्या. २०२० च्या टाळेबंदीत पायी गावाकडे निघालेल्या मजुरांसाठी रस्त्याकडेच्या लोकांनी पोळी-भाजीच्या पुड्या बांधल्या. त्या पुड्या बांधताना कोणी जात विचारली नाही, प्रांत विचारला नाही. संकटात जे साधते ते सणात का साधू नये, हाच खरा प्रश्न आहे.

त्यासाठी मोठी योजना लागत नाही. येत्या कोजागरीला किंवा संक्रांतीला इमारतीच्या गच्चीवर प्रत्येक बिऱ्हाडाने आपल्या मूळ गावचा एक पदार्थ करून आणावा. खान्देशातल्या घराने कळण्याची भाकरी आणावी, कोकणातल्याने घावन, वऱ्हाडातल्याने सांभारवडी, बिहारहून आलेल्याने लिट्टी, तमिळ कुटुंबाने पोंगल. पदार्थ करताना घरातल्या मुलांना, मुलीला तसेच मुलालाही, आजीच्या शेजारी उभे करावे आणि तिचा अंदाज त्यांच्या हातात उतरू द्यावा. पदार्थ कोणत्या गावाहून, कोणाच्या हातून घरात आला, हे वहीत लिहून ठेवावे. आणि पंगत बसेल तेव्हा रखवालदार, सफाई करणारे, धुणीभांडी करणाऱ्या भगिनी यांना वाढपी म्हणून उभे न करता पंगतीत बसवावे. वाढायला घरमालकांनी उभे राहावे.

पहिल्या वर्षी काहींना संकोच वाटेल. बोलणे अडखळेल, हात आखडतील. दुसऱ्या वर्षी कोणीतरी विचारील, ‘मागच्या वेळची ती चटणी कशी केली होती?’ त्या प्रश्नाला उत्तर देताना धुणीभांडी करणाऱ्या बाई शिक्षिका होतील आणि घरमालकीण विद्यार्थिनी होईल. तो क्षण आला की काला झाला असे समजावे.

शिदोरी एकाच्या घरून निघते. तिचे सार्थक मात्र ती कोणाबरोबर सोडली जाते, यावर ठरते. बांधताना दोन भाकरी अधिक बांधाव्यात, एवढेच.